संघपालमामांनी साफ करून आणलेल्या चिलाप्या

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात संघपालमामा प्रयोगशाळा सांभाळायचे. हुद्दा परिचराचा, पण मासा कसा धरायचा ते मुलं त्यांच्याकडूनच शिकायची. एखाद्या मुलीचा चेहरा उतरलेला दिसला की मामा आधी तिला चहा पाजायचे आणि मग काय झालं ते विचारायचे.

मी भवानी पेठेतल्या लिंगायत घरातली. लिंगपूजा झाल्याशिवाय आमच्याकडे कुणी तोंडात घास घालत नाही, मासा-मटण तर लांबच. अशा घरातल्या मुलीला पीएच.डी.साठी विषय मिळाला हिप्परगा तलावातल्या चिलापी माशाचा. दर महिन्याला साठ मासे आणायचे, प्रत्येकाचं नाक मोजफळीच्या कडेला टेकवून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी मोजायची, वजन करायचं आणि लांबीच्या मानानं मासा अंगानं भरतोय का ते काढायचं. साधारण हिशोब असा, की लांबी दुप्पट झाली तर वजन आठपट व्हायला हवं. कमी झालं तर मासा नुसताच लांबतोय. अव्वाला, म्हणजे आईला, मी "मोजमापाचं काम आहे" एवढंच सांगितलं होतं. कसलं मोजमाप ते तिनं विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

पहिल्याच महिन्यात, जुलैमध्ये, एका चिलापीचं पोट तराजूवरच फुटलं आणि मी बेसिनकडे पळाले. पोटातलं सगळं बाहेर आलं. माझ्याही.

मामा म्हणाले, "शिवलीलाताई, तुमी भिंतीकडं तोंड करून बसा. मी धरतो, आकडा सांगतो. तुमी निस्तं लिवा."

मग तेच सुरू झालं. तलावावरून मासेही मामाच आणायचे. मी भिंतीकडे बघत लिहायची आणि मामा मागून सांगायचे, "अठरा पॉइंट दोन, वजन एकशे दोन! ह्याचं तोंड बगा, हेडक्लार्कावानी हाय." ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असेच गेले.

नोव्हेंबरात आलेख काढला. जुलैच्या तुलनेत त्याच लांबीचे मासे हलके भरत होते. माझे मार्गदर्शक सर खूश झाले. म्हणाले, "पावसाळ्यानंतर मासा भरायला हवा, तुझा वाळतोय. तलावात खायला नाही असं लिही. हे आजवर कुणी लिहिलेलं नाही." मी सिद्धेश्वराला नारळ फोडून आले आणि मामांच्या हातावर प्रसाद ठेवला.

"काय सापडलं म्हनं?"

"मामा, तलावातले मासे उपाशी आहेत."

"कोन म्हनलं?"

"वजन म्हणतंय."

खोबऱ्याचा तुकडा मामांच्या हातात तसाच राहिला. "उपाशी न्हाइत ताई. त्येंची पोटं मी काडून आनत हुतो."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मला परत त्रास नको म्हणून त्यांनी तलावाच्या काठावर मासे विकणाऱ्या मीनाबाईला सांगून ठेवलं होतं, की चीर न देता कल्ल्यातून बोट घालून आतलं सगळं काढायचं. "लई सफाईनं करती. वरनं कळतच न्हाय."

ऑगस्टपासूनचे एकशेऐंशी मासे वाया गेले होते. खरं सांगते, कुणाला कळणार आहे, हा विचार माझ्या मनात आला. मी तो बोलूनही दाखवला.

मामा उठले. "मी सरास्नी सांगतो. रिटायरला सा म्हैनं हाइत, शिव्या खायला पोटात अजून जागा हाय."

सर ओरडलेच. "तीस वर्षं मासे बघताय, एवढं कळलं नाही?"

"मासा बगायचा सोडून पोरीचा तरास बगितला, सर. चूक माजी."

मी दारात उभी होते. तिथूनच म्हणाले, "सर, मासे माझे होते. मी एकदाही मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पोटं खपाटीला गेलेली दिसली असती."

सरांनी आलेखाची घडी घालून तो बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पुढच्या जुलैपासून पुन्हा सुरू कर." म्हणजे वर्ष गेलं.

त्या जुलैत मी अव्वाला सगळं खरं सांगितलं. तिनं दाण्याचं कूट डब्यात भरलं. मग म्हणाली, "पूजा करून जा. आल्यावर अंघोळ कर. आणि त्या मामांना एकदा जेवायला बोलव."

मामा तोवर निवृत्त झाले होते, तरी बसनं तलावावर आले. मीनाबाई मला बघून हसतच सुटली. "ह्याच का आमच्या तळ्याला उपाशी म्हननाऱ्या बाई?"

मामांनी वही-पेन घेतलं. मनात शिवाचं नाव घेऊन मी पहिली चिलापी उचलली, ती हातातून निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. मामा जागचे हलले नाहीत. "दाबू नका. डोक्याकडनं धरा."

साठ मासे होईपर्यंत संध्याकाळ झाली. मधे एका माशाची लांबी मी सांगितली, तर मामा पेन थांबवून बघत राहिले.

"लिहा की मामा."

"नाक फळीला टेकल्यालं न्हाय, ताई. परत घ्या."

मी परत घेतली.