निमजे सरांचा खुलासा

निमजे सरांच्या भुवईतून रक्त येत होतं आणि मी त्यांना विचारत होतो, "तुम्ही त्याले काय म्हटलं होतं?"

माझा पहिला प्रश्न हाच होता. कापूस आणि आयोडीन शिपायाने नंतर आणलं.

मी सक्करदऱ्याकडच्या एका अनुदानित शाळेत मुख्याध्यापक होतो. निमजे सर नववीला विज्ञान शिकवत. त्या दिवशी तास सुरू असताना त्यांनी एका मुलाचा मोबाइल मागितला. मुलाने पत्र्याची कंपासपेटी फेकून मारली आणि वर दोन बुक्क्या घातल्या. सरांनी एवढंच सांगितलं. मला ते फार थोडं वाटलं. उगाच कोणी पोरगं मास्तरवर हात उचलत नाही, ही माझी पक्की समजूत. सर तोंडाचे फटकळ. घरच्यांवरून काही बोलले असतील आणि आता लपवत असतील, असं मी धरून चाललो.

वर्गात जाऊन विचारलं, "सरांनी काय केलं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, काहीच नाही. संशय वाढला. सरांनी पोरांना पढवलं असणार. एक मुलगी काही सांगायला उठली. तिच्या घरी सरांचं येणं-जाणं होतं, म्हणून मी तिला बसवलं.

तेवढ्यात संस्थेच्या सचिवांचा फोन आला. दिवस संचमान्यतेचे होते. म्हणजे पटावर मुलं किती, त्यावरून शाळेला शिक्षक किती, हे सरकार ठरवतं. पोलीस आले की पालक दाखले काढतात, तुकडी तुटते, शिक्षक अतिरिक्त ठरतात. सचिवांनी हे सगळं सांगितलं नाही. "सांभाळून घ्या," इतकंच म्हणाले.

आमच्याकडे काही झालं की शिक्षकाकडून खुलासा घेतात. काय घडलं ते त्याने सहीनिशी लिहून द्यायचं. मी सरांपुढे कोरा कागद ठेवला.

"जिन्यावरून पाय घसरला, असं लिहा."

"काहून? मी पडलोच नाही न सर."

"पोराचं वर्ष जाईल. तुमचीच बदनामी होईल. लिहून द्या, मी आहे न."

त्यांनी लिहिलं. अक्षर सुरेख होतं.

आठ दिवसांनी मुलाचे वडील अर्ज घेऊन आले. सरांनी त्याच तासाला मुलाला मारलं, कान पिरगाळला, म्हणून त्याने धक्का दिला, असा मजकूर होता. शिक्षकाने मुलाला मारणं हा गुन्हा आहे, म्हणून चौकशी समिती बसली. अर्ज आठ दिवस उशिरा का, हा संशय मला यायला हवा होता. नेमका तोच आला नाही.

समितीपुढे सरांनी खरं सांगितलं. सदस्यांनी त्यांच्याच अक्षरातला खुलासा पुढे सरकवला. "जिन्यावरून पडले होते न तुम्ही? मग तेव्हा खोटं बोलले का आता बोलून राहिले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यांनी लिहून दिलं तेवढंच मला माहीत आहे."

सर निलंबित झाले, मग त्यांची उमरेडच्या शाखेत बदली झाली. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. मी सत्कार घेऊन निवृत्त झालो.

गेल्या वर्षी प्रताप नगरच्या एका बँकेत, तेव्हा मी वर्गात बसवलेली ती मुलगी भेटली. आता मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, नोकरीला आहे. मी तो विषय काढला.

"सरांनी फक्त 'मोबाइल दे बेटा' म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं, सरांनी काय केलं. आम्ही खरंच सांगितलं, काहीच नाही. त्यानं काय केलं हे तुम्ही विचारलंच नाही."

मी सगळं लिहून काढलं, शिक्षण विभागात दिलं. बाबू म्हणाला, फाइल बंद झाली आहे. तरी पोच घेतली आणि प्रत घेऊन उमरेडला गेलो; नोकरी सोडल्यावरही सर तिथेच राहिले होते. निमजे सरांनी ती उभ्यानेच वाचली.

"आता हे कोणाले दाखवू, सर?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता कागद परत दिला. बसा म्हणाले नाहीत.

नव्या मुख्याध्यापकांसाठी सांगतो. मार खाल्लेल्या माणसाला आधी दवाखान्यात न्या. मग वर्गाला विचारा, पण प्रश्न धड विचारा. आणि त्या दिवशीचा पहिला कागद स्वतः लिहा, स्वतःच्या सहीचा. दुसऱ्याकडून लिहून घेतला की आपण सुटतो. माझी सुटका तशीच झाली होती.