देखभालीची ओळ

"आणि पुढच्या वर्षी?"

कुठल्याही वस्तूची किंमत कानावर पडली की आमच्या कॉलेजातल्या संगणकाच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायच्या. शिपाईमामांनी स्वस्तातली छत्री आणली, मी हप्त्यावर मोबाइल घेतला, कँटीनवाल्याने नवा मिक्सर आणला, कौतुक करून झालं की हा प्रश्न ठरलेला. आपल्या आनंदात असा खडा टाकणारं एखादं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. तुम्ही त्याला टाळतही असाल. मीही सुरुवातीला टाळायचो.

पौड रस्त्यावरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी हेडक्लार्क होतो. बाई मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा हिंजवडीतल्या एका कंपनीत आणि बिऱ्हाड सूसला, एका शेतकऱ्याने भाड्यासाठी बांधलेल्या खोल्यांमध्ये. तिथून नांदे, लवळे करत त्या स्कूटीवर यायच्या. नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. सुट्टी लागली की पैसे बंद.

एकदा संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या पेढे घेऊन आला. माण गावाकडची जमीन विकून त्याने कोरी जीप घेतली होती. बाईंनी पेढा खाल्ला, तोंडभर अभिनंदन केलं आणि चष्मा वर सरकवला. "आणि पुढच्या वर्षी?" पुतण्या लालबुंद झाला. पेढ्यांचा बॉक्स काखोटीला मारून निघून गेला. वर्षभराने तो पुन्हा आला, तेव्हा उरलेल्या पैशांतून त्याने आठ खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. "ह्या बाईनं डोक्यात किडा सोडला, दोन म्हयनं झोप न्हाई," असं तो स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला. बाई लाजून वह्या तपासत बसल्या.

आमच्या संगणक कक्षात तेव्हा चार जुने कॉम्प्युटर होते. एकेकावर तीन-तीन मुली बसायच्या. संस्थेने नव्या कक्षासाठी पैसे मंजूर केले आणि खर्चाचा तक्ता करायचं काम बाईंकडे आलं. सगळ्या कॉम्प्युटरांना सांभाळणारा एक मोठा कॉम्प्युटर लागतो, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि तो चालवायला एक सिस्टिम लागते, हे मला त्यांनीच शिकवलं. ती सिस्टिम विकत घ्यायची तर तिचं लायसन्स, वर तिला जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमागे वेगळे पैसे. तशीच दुसरी, लिनक्स नावाची, फुकट. विकतची घेतली तर त्या पैशांत सात कॉम्प्युटर बसत होते. लिनक्स घेतली तर बारा.

आता संस्थेच्या खरेदीला तीन कोटेशनं लागतात. विकतच्या सिस्टिमची तीन आली, पुण्याहून, छान छापील. लिनक्सचं काय? मी फाइल पुढे सरकवून म्हणालो, "बाई, कोटेशन."

"भाऊसाहेब, जिची किंमतच नाही तिचं कोटेशन कोण देईल?"

"ते मला माहीत नाही. नियम आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. इतक्या वर्षांच्या नोकरीत शून्य रुपयांचं कोटेशन मी कधी फाइलला लावलं नव्हतं. शेवटी लिनक्सची सीडी ज्या मासिकाबरोबर आली होती, त्या मासिकाची पावती लावली आणि "एकमेव पुरवठादार" असा शेरा मारला. पुणे स्टेशनजवळच्या पेपरवाल्याला आपण सर्व्हरच्या सिस्टिमचे एकमेव पुरवठादार आहोत, याचा पत्ताही नसेल.

पण खरी अडचण तक्त्याच्या शेवटच्या ओळीत होती. तिथे बाईंनी लिहिलं होतं, "देखभाल करणारा माणूस, दरमहा मानधन." विकतच्या रकान्यात थोडी रक्कम, लिनक्सच्या रकान्यात बरीच मोठी. पाच वर्षांचा हिशोब त्यांनी मांडला होता, त्यामुळे बेरजेत लिनक्सचा फायदा अगदीच थोडा उरत होता.

"बाई, ही ओळ काढा," मी म्हणालो. "ही वाचली तर कमिटी म्हणेल, मग विकतचंच घ्या, निदान बिल तरी मिळतं. शिवाय देखभाल तुम्हीच करणार ना? लोक म्हणतील, बाईंनी स्वतःची सोय लावली."

"म्हणू द्या. सिस्टिम फुकट आहे, भाऊसाहेब. ती सांभाळणारं माणूस फुकट नाही. हे लपवलं तर तक्ता खोटा होतो."

एवढं बोलून त्या तासाला गेल्या. तक्ता माझ्या कॉम्प्युटरवर टाइप व्हायचा होता. बारा कॉम्प्युटर माझ्या डोळ्यांसमोर दिसत होते. माझी पुतणी बाईंच्याच वर्गात होती, तेही सांगून टाकतो. मी ती ओळ गाळली, बेरीज नव्याने केली आणि प्रती काढल्या. बाईंच्या भल्यासाठीच करतोय, असं मी स्वतःला बजावलं.

सभेला अध्यक्ष होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. भाताची खाचरं आणि माणसं, दोन्ही त्यांना वरवर पाहून कळायची. त्यांनी तक्ता लांब धरून वाचला आणि म्हणाले, "बाई, फुकाट हाय म्हनता, मंग लोकं इकत का घेत्यात? आन ह्ये केलं कुनी? त्याचं प्वाट कशावर चालतं?"

बाई उभ्या राहिल्या. "अण्णा, तुमच्याकडे भातलावणीला इर्जिक असते ना? आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात लावायचं, उद्या शेजाऱ्याच्या. मजुरी कुणी घेत नाही. ही सिस्टिम तशीच, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली."

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असायचा, त्यातून बाईंना इर्जिक कळलेली. अण्णांची कळी खुलली. पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

"व्हय, मजुरी न्हाई. पन इर्जिकीला आलेल्या मानसाला जेवाय घालावं लागतं, बाई. त्यो खर्च हायेच की."

"तेच तर मी लिहिलंय, अण्णा. शेवटच्या ओळीत बघा..."

बाईंनी आपल्यापुढचा कागद उचलला. बोट शेवटच्या ओळीवर नेलं आणि ते तिथेच थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतो.

"बघा काय, बाई?" अण्णा म्हणाले.

"काही नाही. देखभाल मी करीन," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

ठराव एकमताने मंजूर झाला. बारा कॉम्प्युटर आले. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीपुढे स्वतःचा कीबोर्ड होता आणि बाई मधल्या वाटेतून नुसत्याच फिरत होत्या, काही न शिकवता. मला वाटलं, झालं गेलं विसरून गेल्या. मीही विसरायचं ठरवलं.

पण त्यांचं काम कुठे विसरू देणार? उन्हाळी वळवात वीज कडाडली की यंत्रं बंद पडायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत बाई यायच्या. दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी यायच्या. रविवारी यायच्या, तेव्हा नवरा सोबत असायचा. तो व्हरांड्यात बाकावर पेपर वाचत बसे. सज्जन माणूस. एका रविवारी मी थकलेली कामं उपसायला आलो होतो, त्याला चहा दिला. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "भाऊसाहेब, हिचं हे काम कुठल्या हेडखाली पडतं हो?" मी म्हणालो, "बघतो." दुसरं काय म्हणणार? खर्चाचं असं कुठलंच हेड नव्हतं. ते मीच पुसलं होतं.

मध्येच हिंजवडीतल्या एका कंपनीत नेमक्या याच कामाची जागा निघाली. बाईंनी माझ्याकडे अनुभवाचा दाखला मागितला. मी सही-शिक्क्यानिशी तयार ठेवला. त्या न्यायला आल्याच नाहीत. दोनदा आठवण केली तेव्हा म्हणाल्या, "बारावीच्या पोरींचं प्रॅक्टिकल आलं आहे. आता मशीनी सोडून काहून जाऊ?" पुढच्या वर्षी काय, हे सगळ्या गावाला विचारणाऱ्या बाईंनी स्वतःला मात्र कधी विचारलं नाही. मला त्यांचा राग यायचा. खरं तर तो राग माझ्यावरच होता.

अशी सहा वर्षं गेली. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि बाईंनी नवऱ्यासह अकोल्याला परत जायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी त्या किल्ल्या द्यायला माझ्या टेबलाशी आल्या. मी कसाबसा म्हणालो, "बाई, तो तक्ता. ती ओळ मी..."

"मला सभेतच कळलं होतं, भाऊसाहेब."

"मग बोलला का नाहीत?"

"बारा मशीनी मिळून राहिल्या होत्या ना. एका कीबोर्डवर तिघी बसायच्या, त्यातल्या मधलीचे हात सारा तास मांडीवर. ती मला रोज दिसायची. गप्प तर मीही बसले, तुम्ही एकट्याने काहून वाईट वाटून घेता?" मग किल्ल्यांचा जुडगा टेबलावर नीट ठेवून म्हणाल्या, "एवढं करा. माझ्यानंतर जो कोणी येईल, त्याची ओळ खोडू नका."

जूनच्या सभेत मी तो विषय मांडला. संगणक कक्षाच्या देखभालीसाठी मानधनावर माणूस. एक सदस्य लगेच म्हणाले, "ह्याला पैसं कशापायी? बाई तर फुकाटच करत व्हत्या की."

मी उभा राहिलो. हेडक्लार्क सभेत उभा राहून बोलत नाही, विचारलं तर बसल्या जागेवरून उत्तर देतो. "फुकट करत नव्हत्या. त्यांनी पैसे लिहिले होते. मी ते तक्त्यातून काढले. कुणाला न विचारता."

अण्णा माझ्याकडे वळले.

"सहा वर्सं," ते म्हणाले. "आन ह्ये आत्ता सांगतुयास?"

मी खाली बसलो. मानधन मंजूर झालं.

मी त्याच दुपारी अकोल्याला फोन लावला. "बाई, देखभालीचं मंजूर झालं."

"किती?"

मी आकडा सांगितला. पलीकडे त्या हसायलाच लागल्या. "अगं बाई! हे तर माझ्या तासांच्या पैशांपेक्षा जास्त आहे!" इतकं मोकळं हसणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. सख्ख्या भावाला नोकरी लागावी तसा आनंद झाला होता त्यांना. मला हसता आलं नाही. "नवा माणूस पहिले काही दिवस गोंधळेल," त्या सांगत होत्या. "माझा नंबर देऊन ठेवा त्याला."

नवे सर रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात अडले. ऑफिसच्या फोनवरून त्यांनी बाईंना गाठलं. दोन वाक्यं झाली असतील नसतील, सरांनी फोन ठेवून दिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हणाल्या, ठेवा, मीच लावते. कॉलेजचं बिल काहून वाढवता?"

लगेच घंटी वाजली. फोन माझ्याच टेबलावर होता. मी तो उचलला, पलीकडून त्यांचं "हॅलो" ऐकलं आणि रिसीव्हर सरांच्या हातात दिला.