"रिसेप्शनचं झालं का?"

मंडळी, इथे इंग्लंडमध्ये मुलांना घेऊन नवीन आला असाल तर हे वाचाच.

आज नर्सरीच्या टीचरने विचारलं, "सप्टेंबरपासून सई कुठल्या शाळेत?" म्हटलं, "इथेच की!" तिचा चेहरा पडला. नर्सरी याच शाळेची असली तरी पुढच्या वर्गासाठी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, वेगळा अर्ज करावा लागतो. मुदत संपली, वर्ग भरला.

त्या वर्गाचं नाव रिसेप्शन. हिवाळ्यात याच टीचरने विचारलं होतं, "रिसेप्शनचं झालं का?" मला वाटलं, शाळेच्या दारातलं सही करायचं काउंटर. "हो, आत्ताच सही केली," म्हणाले.

आता जागा मिळतेय ती आमच्या मिल्टन कीन्स शहराच्या दुसऱ्या टोकाला. मला गाडी चालवता येत नाही.

घरी येताना लेक विचारते, "आई, मला का काढलं? मी नॉटी होते?"