बाबांची स्कूटर नापास झाली तेव्हा
सिग्नलला पुढच्या गाडीच्या जळक्या ऑइलचा वास नाकात शिरला की मला जयनगरमधला तो रविवार आठवतो. बाबा नुकतेच सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले होते. गल्लीतल्या मुलांचा खोकला ऐकून त्यांनी घरोघरी फिरून गाड्यांची धूरतपासणी ठरवली. सकाळी तपासणीची व्हॅन आली, पण लोक कॉफीचे पेले घेऊन आपापल्या फाटकातच उभे राहिले. कोणीच पुढे येईना, तेव्हा बाबांनी आपली जुनी, रोज पुसलेली स्कूटर आणून लावली. बेळगावकडच्या तपासनिसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, आकडा पाहिला आणि हळूच म्हणाला, "सर, स्वल्प जास्ती आलंय. पास लिहू काय?" लोकांसमोर शोभा नको म्हणून मीही पुटपुटले, "लिहू द्या ना, बाबा." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "फेल लिहा," ते म्हणाले, "आणि गल्लीत सगळ्यांना कळेल असं कन्नडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवा." त्याने वाचलं. मग समोरच्या अक्का आपली मोपेड ढकलत घेऊन आल्या, त्यांच्यामागे आणखी दोघं, आणि दुपारपर्यंत रांग कोपऱ्यापर्यंत गेली. ही गोष्ट मी माझ्या मुलांना कितीदा तरी सांगितली आहे. त्यात माझं वाक्य मी दर वेळी गाळत आले. आज पहिल्यांदाच ते लिहिलं.