वर कुणीतरी धरायचं

अंबुजाक्का गेल्याची बातमी मला आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. वर पाण्याचा टँकर दुपारी येणार असल्याची सूचना, खाली कुणाच्या तरी पार्किंगमध्ये भलतीच गाडी लावल्याची तक्रार, आणि मधे ती. मी ऑफिसात होते. हातातलं काम पुरं केलं आणि देवनहळ्ळीला तिच्या मुलाच्या घरी गेले. शेवटचे काही महिने ती तिथंच होती. पोचेपर्यंत तिला नेलं होतं. सुनेनं चहा विचारला, मी नको म्हटलं, परतीची बस धरली. याला आता काही आठवडे झाले.

नोकरीसाठी मी पुण्याहून महादेवपुऱ्यात आले तेव्हा अक्का समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होती. तिचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूत येऊन इथलंच झालेलं. मराठी बोलायची, पण त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की सुरुवातीला मला अर्धंच कळायचं. मी तिला ‘अक्का, तुम्ही’ म्हटलं, तर म्हणाली, ‘‘अक्का म्हणायचं आणि तुम्ही म्हणायचं? मी काय बँकेच्या काउंटरवर बसलेय?’’ तेव्हापासून अगं-तुगं.

इथलं बोअरवेलचं पाणी जड. भांड्यांवर पांढरे डाग, डाळ शिजता शिजत नाही. मी सिंकखाली बसवायचा फिल्टर आणला. बसवणारा माणूस आज येतो, उद्या येतो म्हणत आलाच नाही आणि खोकं ओट्याजवळ पडून राहिलं. अक्का एकदा कोथिंबीर मागायला आली, खोक्याकडं बघून म्हणाली, ‘‘अय्यो, गणपती आणलास आणि बसवला नाहीस?’’ उभा जन्म तिनं एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काढलेला. स्वतःचं ड्रिल मशीन बाळगणारी मी पाहिलेली ती एकमेव बाई. कोथिंबीर राहिली बाजूला, ती हत्यारं घेऊन आली.

तिचे गुडघे वाकत नसत, म्हणून सिंकखाली मी आडवी झाले. फिल्टरचा वेगळा छोटा नळ असतो. तो ओट्याच्या दगडाला भोक पाडून वरून घालायचा आणि खालून नट आवळायचा. नट फिरला की वरचा नळही त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून वर एकानं तो धरून ठेवावा लागतो.

‘‘धरलंस का?’’

‘‘धरलं. तुझे पाय बघून वाटतंय, लॉरीखाली मेकॅनिक गेलाय.’’

‘‘अक्का, बोलू नको, नळ धर.’’

‘‘धरायला हात लागतात, बोलायला तोंड. दोन्ही आहेत माझ्याकडं. स्वल्प डावीकडं… हां, सरी.’’

एवढं करून आम्ही नळ्यांची अदलाबदल केलीच. टाकाऊ पाण्याची नळी छोट्या नळाला आणि शुद्ध पाण्याची गटाराला. पहिला घोट अक्कानं घेतला आणि तोंड वाकडं केलं. ‘‘तुमच्या पुण्यात असलं पितात? म्हणून बोलता तसं.’’ मी पुन्हा आडवी झाले. या वेळी तिनं स्वतःच्या मनगटावरचा देवाचा लाल दोरा सोडला आणि टाकाऊ पाण्याच्या नळीला खूण म्हणून बांधायला लावला. फिल्टरची पहिली टाकी भरून कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली. नंतरचा पहिला ग्लास मला दिला. जो खाली आडवा होतो त्यानं आधी प्यायचं, हा नियम तिनं तिथल्या तिथं केला.

मग दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही फिल्टरचे कार्ट्रिज बदलू लागलो. मी खाली, ती वर स्टुलावर. मी सांगेन तसा नळ उघडायची, बंद करायची, आणि मधल्या वेळात बोलायची. नवऱ्याबद्दल, कॉलेजबद्दल, मुलाला आवडत नसलेल्या तिच्या सांबाराबद्दल. ऑफिसात माझं हिंदी आणि इंग्रजी, दुकानात मोडकं कन्नड. मराठी त्या स्टुलापुरतीच उरली होती. मला सिंकखालून तिची फक्त पावलं दिसत.

गेल्या खेपेला ती म्हणाली, ‘‘पोटात गाठ आहे म्हणतात डॉक्टर.’’ मी बाहेर सरकायला लागले तर तिनं पायानं कपाटाचं दार माझ्यावर लोटलं. ‘‘तिथंच राहा. आधी ते घट्ट कर.’’ मी घट्ट केलं. बाहेर आले तेव्हा ती ग्लास विसळत होती… देवनहळ्ळीला जाताना हत्यारांची पेटी माझ्या दारात ठेवून गेली. तिकडं मुलाकडं सगळं कंपनीचा माणूस येऊन करतो म्हणाली.

परवा तो छोटा नळ ठिबकायला लागला. क्षार साचून आतून खराब झाला होता. मी नवा आणला. माणूस बोलावता आला असता, पण हत्यारं घरात होती आणि काम मला येत होतं. नव्या नळाला ओलं फडकं गुंडाळलं, दोन्ही बाजूंनी टेकू म्हणून खलबत्ता आणि कुकर लावला आणि खाली आडवी झाले. लाल दोरा काळपट झालाय, पण सुटलेला नाही. पाना नटावर बसवला आणि सवयीनं विचारलं, ‘‘धरलंस का?’’

फ्रिज तेवढा घुरघुरत होता. मग आवळलं. वर दगडावरून खलबत्ता सरकल्याचा आवाज आला, तरी पुरतं आवळलं.

नळ गळत नाही. टाकी कुंडीत ओतली आणि नियमाप्रमाणे पहिला ग्लास मीच प्यायले. पाणी चांगलं आहे. फक्त नळाचं तोंड स्टुलाच्या बाजूला वळलंय, धार सिंकच्या काठावर पडते आणि ओटा ओला होतो. तिथं एक वाटी ठेवलीय. सरळ करणं अवघड नाही. नट जरा सैल करायचा, वर कुणीतरी धरायचं.