विठाबाईच्या परसातला सेन्सर

विठाबाई भोकरकडची. उभं आयुष्य लोकांच्या रानात खुरपणीत गेलं आणि कंबर जी वाकली ती वाकलीच. आता चालताना तिचं तोंड जमिनीकडं असतं. त्या वाकलेल्या पाठीवर पोरगा शिकला, लातुरात दाळ मिलमध्ये मुनीम झाला, त्यानं घर बांधलं. त्या घरात मात्र विठाबाई मावली नाही. आतली खोली क्लासला आलेल्या पोरींना भाड्यानं गेली आणि म्हातारी मागच्या पत्र्याच्या खोलीत.

"हवा लई चांगली हाय मागं, माय," रामलिंग म्हणाला. होती खरी, पत्रा तापेपर्यंत.

संडास परसाच्या पार टोकाला, मधे उघडी नाली. विठाबाईला एकच धास्ती होती, पडायची. पडलं की अंथरूण, आणि अंथरुणात आपलं करणारं इथं कुणी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून दिवस मावळला की ती परसातला बल्ब लावून ठेवी. तो सुनेच्या डोळ्यांत खुपायचा.

"आत्याबाई, बिल काय तुमच्या माहेराहून भरून येतं का?" सिंधु विचारायची.

शेवटी रामलिंगनं बटणच काढलं आणि सेन्सरचा लाईट बसवला. कुणी हललं की लागणार, नसलं की विझणार. विठाबाई सुखावली. लेकाला आपली काळजी आहे, असं तिनं शेजारच्या पंचशीलाला सांगितलंसुद्धा. भोळी बाई!

पण गल्लीतली कुत्री परसात शिरली की लाईट लागे, आणि पोरींनी अभ्यास होत नाही म्हणून तक्रार केली. भाडेकरू नाराज होऊन कसं चालेल? रविकिरण वायरमननं शिडीवर चढून सेन्सरचं तोंड वर केलं. "आता कुत्रं-मांजर दिसणार न्हाई. उभ्या माणसालाच लागंल." रामलिंग परसातून चालून आला, लाईट लागला, सगळे खूश.

त्या संध्याकाळी विठाबाई बाहेर आली तर अंधार. तिनं लेकाला सांगितलं.

"मग जरा ताठ चालत जा की," रामलिंग म्हणाला. आत सिंधु हसली. पोटच्या पोरानं असं बोलावं, याची त्याला ना खंत ना लाज.

विठाबाईनं मग स्वतःच तोड काढली. दारातल्या भिंतीला टेकायचं आणि काठीचा हात डोक्यावर नेऊन हलवायचा, ज्वारीवरची पाखरं हाकलावीत तसा. लाईट लागायचा, पण ती नालीपाशी पोचेपर्यंत विझायचा. तिथं टेकायला भिंत नव्हती, आणि दोन्ही हात काठीवर असल्याशिवाय तिला उभं राहता येत नव्हतं.

एका संध्याकाळी नालीच्या काठावर तिनं हात वर केला. लख्ख उजेड पडला आणि त्याच उजेडात ती कोसळली. तिच्या हाका आत टीव्हीच्या आवाजात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. लाईट विझला. पंचशीलानं कण्हणं ऐकून रामलिंगला बोलावलं. तो आला तसा लाईट लागला.

"लाईट तर चालू हाय," तो आधी म्हणाला. "तरी कशी पडलीस?"

खुबा मोडला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. "या वयात कशाला उगं चिरफाड?" असं म्हणून रामलिंगनं मायला परत आणून पत्र्याच्या खोलीत खाटेवर टाकलं. आठवडाभरात परसातला लाईट काढून त्यानं पुढच्या गेटवर लावला, पोरींच्या स्कूट्या उभ्या असतात तिथं. मागं आता कोण हिंडतंय?

तिन्हीसांजेला विठाबाई खाटेवरून म्हणाली, "बाबा, खोलीतला दिवा तरी लाव रे."

"कशाला, माय? तुला आता कुठं जायचंय?" रामलिंग म्हणाला आणि त्यानं दार ओढून घेतलं.