पावसात गाडी मागे घेताना

ती कॉफीचा कप दोन्ही हातांत धरायची, उन्हाळ्यातसुद्धा. रेडिओवर हवामानाचा अंदाज ऐकून झाला की खिडकी उघडायची, आकाशाकडे बघायची आणि "खोटारडे" म्हणायची. शब्दकोडं पेननं सोडवायची. ओले मोजे शेगडीवरच्या दोरीला जोडीजोडीनं लावायची. काचेवर वाफ धरली की त्यावर ओळखीच्या माणसांची नावं लिहायची आणि ती ओघळून जाईपर्यंत बघत बसायची.

अर्डिस जाऊन अकरा दिवस झाले. अजून मी 'आहे' लिहिते आणि मग खोडते.

तीस वर्षं तिनं टिलामूकला शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर एक जुनी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली आणि त्यातच राहायला लागली. दोन पलंग, शेगडी, एक टेबल. अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावर या कॅम्पवरून त्या कॅम्पवर. आमच्या सरकारी कॅम्पच्या फाटकावर मी बसते. साहित्याची पदवी घेऊन इथे काय करतेस, असं तिनं एकदाच विचारलं.

"वाचते," मी म्हणाले.

"मग ठीक," ती म्हणाली. अशी आमची मैत्री झाली.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी तिला गाडी चालवायला बंदी केली. समोरचं दिसायचं, कडेचं दिसेनासं झालं होतं. तेव्हापासून गाडी आमच्याकडेच उभी होती. ऑक्टोबरात गाडीला गिऱ्हाईक मिळालं. सोमवारी ते न्यायला येणार होतं. मग अर्डिसला शहरात एका खोलीत राहावं लागणार होतं. तिला एकच आशा होती. धाकटा भाऊ ऑरिन ही गाडी चालवायला शिकला आणि सोबत राहिला, तर घर राहील. तिनं त्याला पाच दिवसांसाठी बोलावलं.

ऑरिन बर्न्सचा सुतार. तिकडे सगळं कोरडं. तो बुधवारी आला आणि पाऊस लागला.

आल्याआल्या त्यानं गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं. पाणसळ लावून चारी कोपरे अगदी एका पातळीत आणले. किनाऱ्यावरचं लहान पोरही एक कोपरा खाली पाडतं, पाणी वाहून जायला. अर्डिस दारातून बघत राहिली. पॅनकेक भाजून होईतो कापडाला पोट आलं. मग सगळं पाणी एकदम ऑरिनच्या डोक्यावर आणि त्याच्या हातातल्या पॅनकेकवर.

"कळत होतं तर सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर ऐकणार होतास, शहाण्या?"

"मी उद्या घरी जातो, अर्डी."

"जा. आधी खाऊन घे. भिजलेत जरा, मुरंबा लाव."

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही, कारण त्याची पॅंट वाळली नव्हती.

"एकच आणलीस?"

"बर्न्सला एक पुरते."

गुरुवारी कोणी काही केलं नाही. छतावर पाऊस एका लयीत पडत होता. शिंपल्यांचं सूप मंद आचेवर होतं. काचा धुरकटल्या होत्या, बाहेरची फरची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. दोघं आपापल्या पलंगावर पडून छताशी बोलत होती, मी टेबलाशी होते. गाडी उभी होती, पण आपण कुठेतरी चाललोय असं वाटत होतं. ऑरिनचा डोळा लागला. झोपेतच त्यानं विचारलं, "कुठे पोचलो?"

"अजून लांब आहे," अर्डिस म्हणाली. "झोप."

तो झोपला.

शुक्रवारी सकाळी पावसाला कंटाळून बाकीचे सगळे निघून गेले. गाड्या लावायच्या चाळीस जागा रिकाम्या. अर्डिसनं ऑरिनचं पांघरूण ओढलं.

"ऊठ. उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. आज सगळा कॅम्प आपला आहे."

गाडी पुढे नेणं त्याला जमत होतं. दोन झाडांच्या मधल्या जागेत मागे घेणं जमेना. पिवळा रेनकोट घालून अर्डिस मागे उभी राहिली, हात वर करून.

"आरशात मी दिसेनाशी झाले की थांब. बाकी काही बघू नकोस."

पहिल्याच खेपेला त्यानं लाकडी टेबल पाडलं.

"सरकारचं आहे ते, ऑरिन!"

"मग सरकारनं बाजूला ठेवावं!"

दुसऱ्या खेपेला नळ थोडक्यात वाचला. शनिवारी दुपारपर्यंत डावीकडच्या नऊ जागांत तो सरळ शिरला. पिवळा ठिपका दिवसभर धुक्यातून मागे मागे जात होता. संध्याकाळी ऑरिननं गिऱ्हाइकाला स्वतःच फोन लावला. गाडी विकायची नाही, म्हणाला. मग अर्डिसकडे वळला.

"पण छत मीच लावणार."

"लाव. मी आत बसेन."

ती इतकी हसली की तिला खोकला आला.

"आता उजवीकडचं शिकव," तो म्हणाला. इथे चालक डावीकडे बसतो, म्हणून उजवीकडे मागे घेताना त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. अवघड तेच. पण ती गारठली होती.

"उद्या. उद्याही पाऊस आहे. जागा रिकाम्याच असतील."

रविवारी सकाळी ऑरिन अनवाणी फाटकावर आला. "ती उठत नाहीये," म्हणाला. पाऊस होताच. माझ्या हातात पुस्तक होतं, ते मी कुठे ठेवलं, अजून आठवत नाही.

ऑरिन इथेच राहिलाय. रोज तो गाडी बाहेर काढतो, कॅम्पला एक फेरी मारतो आणि डावीकडच्या जागेत एका दमात मागे घेतो. उजवीकडचं शिकवायचं राहिलं.